सोबतीला कुणीतरी

"कुणाचा विश्वास बसायचा नाही डॉक्टर, पण झाली हो माझी तपासणी!" खुर्चीत बसता बसता द्वारकाकाकूंनी जाहीर केलं.

पाळी जाऊन दहा वर्षं उलटल्यावर पुन्हा डाग दिसू लागले, तेव्हा त्यांच्या घरच्या डॉक्टर गोगटेबाईंनी गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरची तपासणी सांगितली होती. "इथेच करते. फक्त सोबत कुणालातरी आणा." आता आणायचं कुणाला? काकू महिनाभर फिरकल्याच नाहीत.

"आमचा शिरीष थेट दुबईहून विमानाने आला! मोठ्या इस्पितळात नेलं. चार डॉक्टर, सूर्य लाजेल असा दिवा! मी घाबरले, तर पोरानं तपासणी संपेपर्यंत माझा हात सोडला नाही. नर्सबाई म्हणाल्या, असा मुलगा जन्मात बघितला नाही!" बोलता बोलता काकूंचा हात शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर गेला.

डॉक्टर हसल्या नाहीत. शिरीषला लहानपणी सगळ्या लशी त्यांनीच टोचल्या होत्या. त्यांनी पडदा सारला, हातमोजे चढवले.

"काकू, बायकांच्या असल्या तपासणीला मुलाला काय, कुठल्याच पुरुष नातेवाइकाला आत सोडत नाहीत. तुमची तपासणी झालेली नाही, आणि शिरीषही आलेला नाही."