सोयरूबाबांची चाल

खुब्याच्या ऑपरेशननंतर सोयरूबाबांना चालतं करायला मुलाने बंगळुरूहून पेडण्याच्या घरी रोबोट-वॉकर पाठवला. मुठी धरून चाललं, की चालीची सगळी माहिती थेट मुलाच्या मोबाइलवर जायची. शालनने नवऱ्याच्या खूप नाकदुऱ्या काढल्या, पण "माका नाका ती कटकट" म्हणत ते खुर्चीला चिकटूनच राहिले.

महिन्याने मुलाचा फोन आला. "आई, बाबा चालतायत बघून बरं वाटलं गो! पण उजवा पाय ओढतोय, गुडघा पार गेलाय. दिवसभर कसल्या खेपा घालतात ते? जरा बसव त्यांना."

"बरं," शालन म्हणाली. तेवढ्यात खुर्चीतून हाक आली, "चाय खंय गो?"



शालनने किटली वॉकरला अडकवली आणि उजवा पाय ओढत ती निघाली.