क्लचला खोबरेल

"उद्या जुन्या गाड्यांच्या रॅलीत नेऊन दाखवा, आमच्या ह्यांची फटफटी तुमची," मी जावईबापूंना म्हटलं. "क्लच कडक आहे. हे करंगळीनं दाबायचे. एकदा वाघ मागे लागला तेव्हासुद्धा!"

"करंगळी कशाला, मी फुंकरीनं दाबीन!" म्हणत त्यांनी संध्याकाळी क्लचच्या वायरीत तेल सोडलं.

सकाळी कडाक्याची थंडी पडली. जावईबापू दोन्ही हातांनी क्लच ओढून लालबुंद झाले, पण क्लच ढिम्म हलेना.

"तेल कोणतं घातलंत?"

"न्हाणीघरातलं. खोबरेल."

"अहो, ते थंडीत थिजतं! टक्कल पडल्यापासून विसरलात वाटतं."

मी वायर शेगडीच्या धगीला धरली, खोबरेल निथळलं. मग शिलाई मशीनचं तेल सोडलं आणि करंगळीनं क्लच दाबला.

"बसा मागे," मी पदर खोचला. "वाघ दिसला तर सांगा."