ताबा

“तलवारी विकतो,” पाहुणा म्हणाला.

बिल्डरसाहेबांच्या हातातला कप बशीवर जरा जोरातच आदळला. त्यांची बायको बिस्किटांची बशी पुढे करत होती, ती तिने पुन्हा मागे ओढली. जावई म्हणून गुंड येतोय की काय, असा तिचा चेहरा झाला.

“बाबा, खेळातल्या तलवारी,” लेक घाईघाईने म्हणाली. “मोबाइलवरच्या. तलवारी, घोडे, किल्ले. लोक खरे पैसे देऊन घेतात.”

हे ऐकून साहेबांना आणखीच वाईट वाटलं. गुंड परवडला असता, निदान वसुलीला तरी उपयोगी पडला असता. एकुलती एक लेक, लाडात वाढलेली. तिने लग्न करायचं ते याच्याशीच, असं ठरवलं होतं आणि साहेबांनी नकार द्यायचं ठरवलं होतं. म्हणूनच त्यांनी पाहुण्याला घरी न बोलावता आपल्या नव्या स्कीमच्या सॅम्पल फ्लॅटमध्ये बोलावलं होतं. आपला थाट बघून पोरगा आपणहून काढता पाय घेईल, असा त्यांचा होरा होता.

फ्लॅट होताही डोळे दिपवणारा. भिंतीवर हा एवढा मोठा टीव्ही, पण पुठ्ठ्याचा. कपाटभर पुस्तकं, पण आत एकही पान नाही. नळ चकचकीत, मात्र त्यांना पाइपच जोडलेला नव्हता, त्यामुळे चहा थर्मासमधून आणावा लागला होता. पाहुण्याने मघाशी टोपलीतलं सफरचंद उचललं होतं आणि दाताला प्लास्टिक लागल्यावर गुपचूप जागेवर ठेवलं होतं. खिडकीला जाडजूड पडदा होता. पडद्यामागे स्कीम होती, म्हणजे एक खड्डा होता आणि त्यात साचलेलं हिरवं पाणी. इमारत त्यावर उभी राहायची होती. फ्लॅट मात्र केव्हाच सगळे विकले गेले होते.

“म्हणजे वस्तू अशी नाहीच?” साहेबांनी उलटतपासणी सुरू केली. “हात लावता येत नाही?”

“नाही, काका.”

“आणि नुसतं चित्र बघून माणसं पैसे देतात?”

“हो, काका.”

“अरे, लोकांना फसवतोस तू!” साहेब कडाडले.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. नंबर पाहून त्यांनी आवाजात साखर घातली. “नमस्कार, नमस्कार! काम जोरात चालू आहे. ताबा ना? देणार की! नाही हो, ती मागची तारीख वेगळी, ही नवी तारीख वेगळी. असं करा, येऊन एकदा सॅम्पल फ्लॅट बघून जा. बघितलाय? मग पुन्हा बघा, त्यात काय एवढं!” फोन ठेवून ते पाहुण्याकडे वळले. “हं, काय म्हणत होतो मी?”

“फसवतोस, असं म्हणत होतात,” बायको म्हणाली.

साहेबांनी तिच्याकडे दुर्लक्ष केलं. लेकीचे डोळे भरून आले होते आणि ते बघून त्यांनी खिशातला रुमाल तिच्यापुढे धरला. “तुझा राग नाही रे,” ते पाहुण्याला जरा मऊ आवाजात म्हणाले. “पण उद्या हा खेळ बंद पडला, तर माझी पोर खाणार काय?” ही काळजी मात्र त्यांची अगदी खरी होती.

पाहुणा काही बोलणार, तोच त्याचा फोन थरथरला. “सॉरी, काका. गिऱ्हाईक आहे, एकच मिनिट.” त्याने फोनवर एक किल्ला उघडला. बुरूज, खंदक, सगळं जागच्या जागी. दोन ठिकाणी बोट टेकवून त्याने फोन खाली ठेवला. “झालं. ताबा दिला.”

“कशाचा?” साहेब दचकले.

“किल्ल्याचा. त्यांचे पैसे आले ना आत्ता.”

फोन पुन्हा थरथरला. गिऱ्हाइकाचा निरोप होता. पाहुण्याने तो साहेबांसमोर धरला. ‘किल्ला मिळाला. चित्रात होता तसाच आहे. आभारी आहे.’

साहेबांनी निरोप पुन्हा पुन्हा वाचला. एवढी वर्षं धंदा केला, पण असा निरोप त्यांना आजवर एकाही गिऱ्हाइकाने पाठवला नव्हता. बायको एकटक खिडकीच्या पडद्याकडे बघत राहिली. बाबा ओशाळले असं वाटून लेकीने मान खाली घातली.

“सगळे पैसे मिळाले तुला?” साहेबांनी हळूच विचारलं.

“हो, काका.”

“आणि लगेच देऊन टाकलास? चित्रात होता तसाच?”

“हो. मग?”

साहेबांच्या चेहऱ्यावरचा राग ओसरला. तिथे माया आली, घरच्या माणसाबद्दल वाटते तशी. ते उठले आणि त्यांनी पाहुण्याच्या खांद्यावर हात ठेवला.

“लग्नाला माझी ना नाही. लाइन आपलीच आहे,” ते म्हणाले. “पण उद्यापासून माझ्या ऑफिसात येऊन बसायचं. तुला धंदा शिकवावा लागेल.”