चार काजं

"सांगून टाकू का मोठ्या डॉक्टरांना, आज नको म्हणून?" तिने सहाव्यांदा विचारलं.

मास्तरांनी सहाव्यांदा मान हलवली. "खडे काय आपल्या पायांनी चालत बाहेर येणार आहेत? आज म्हणजे आज."

सकाळचे सात वाजत होते. खोलीत गारठा होता, म्हणून मास्तर खांद्यांवरून चादर ओढून पलंगाच्या कडेला बसले होते. ती समोरच्या खुर्चीत. अंगात हॉस्पिटलचे हिरवे कपडे, बोटातली अंगठी काढलेली, नखं बारीक कापलेली. मास्तरांचा डोळा मात्र तिच्या उसवलेल्या बाहीवर. चाळीस वर्षं शिवणयंत्रावर काढलेल्या माणसाला असलं काही बघवत नाही. दोन टाके घातलेच असते, पण खिशातला सुईदोरासुद्धा बाहेर बायकोकडे ठेवून यायला लावलं होतं.

पोर शेजाऱ्यांची, पण वाढली मास्तरांच्या दुकानात, बेतायच्या टेबलाखाली चिंध्यांच्या ढिगात. मास्तरांना मूलबाळ नव्हतं आणि हिने ती उणीव कधी भासू दिली नाही. गेले दोन महिने मात्र पित्ताशयातल्या खड्यांनी दोघांच्याही तोंडचं पाणी पळवलं होतं. तूप बंद, तळलेलं बंद, तरी जेवण झालं की उजव्या बरगडीखाली अशी कळ उठायची की माणूस दुमडून जावा. आज एकदाची ती ब्याद जायची होती आणि हिने ऐन वेळी कच खाल्ली होती.

"तुम्ही काही खाल्लं नाही ना?" तिने विचारलं.

"पाण्याचा थेंब नाही. तू?"

"घशाखाली उतरतच नाही."

"मग आपण दोघंही उपाशी. सोबत झाली."

नर्स डोकावली, फाइल उघडून बघितली. दोन सह्या हव्या होत्या, दोन्ही होत्या. एक तिची, एक मास्तरांची. "दहा मिनिटं," म्हणून ती गेली.

दहा मिनिटं ऐकून पोरीचा चेहरा पांढराफटक पडला. तिने दोन्ही हात पुढे केले. "बघा. थरथरतायत."

"थरथरू देत. अगं, पूर्वीसारखं पोट थोडंच फाडायचंय? चार काजं करायची. एकातून कॅमेरा, बाकीच्यांतून चिमटे. पिशवी सुटी केली, बेंबीतून काढली, टाका घातला, उद्या घरी! तूच नाही का चित्र काढून दाखवलंस?"

"तुम्हाला सगळं सोपंच वाटतं. काही चुकलं तर?"

"मोठे डॉक्टर शेजारी उभे असणार. ते चुकू देतील?"

"पण पहिल्यांदाच आहे हो, मास्तर." तिचे डोळे भरून आले.

मास्तरांना गलबलून आलं. वरकरणी त्यांनी गंभीर चेहरा केला. "तुझं पहिलं काज आठवतं?"

ती डोळे पुसता पुसता हसली. "तुमच्या नव्या सदऱ्यावर. नऊ वर्षांची होते मी. चांगलं तिरकं गेलं होतं."

"गिऱ्हाईकाच्या कापडावर कुणी हात बसवायचा नाही, हा दुकानाचा नियम. म्हणून माझा सदरा दिला. बायको आठवडाभर बोलली नाही माझ्याशी. पण मला तुझी खात्री होती. तेव्हाही हात थरथरत होते, नि मी काय सांगितलं होतं?"

"श्वास सोड, नि मग हात उचल."

"मग सोड की."

तिने श्वास सोडला. पुन्हा एकदा सोडला. मास्तर बोटांकडे बघत होते. थरथर थांबली. त्यांना इतका आनंद झाला की टाळीच वाजवावीशी वाटली.

"आता मोठ्या डॉक्टरांना काय सांगायचं?"

"काही नाही," ती म्हणाली आणि उठली.

दार उघडलं. नर्सने चाकांचं स्ट्रेचर आत आणलं. "चला, वेळ झाली."

पोरीने केस टोपीत खोचले आणि ती ताठ मानेने, न रेंगाळता पुढे निघून गेली. मास्तरांनी अंगावरची चादर बाजूला फेकली, टुणकन स्ट्रेचरवर चढून ते आडवे झाले आणि तिच्या पाठमोऱ्या आकृतीला हाक मारून म्हणाले, "डॉक्टरीणबाई, या वेळी काज सरळ येऊ द्या हं! बायको बाहेरच बसलीय."