उतरलेला गंधार

पेटीवाला गुडघ्यांवर बसून पेटीच्या पोटात डोकावत होता आणि बाई संगीताच्या वर्गात येरझाऱ्या घालत होत्या. खिडकी ते फळा, फळा ते खिडकी.

"बाई, तुम्ही बसा बरं जरा. तुमच्याकडे बघून मलाच धाप लागतेय."

बाई बसल्या आणि लगेच उठल्या.

दोन दिवसांनी विद्यापीठात त्यांच्या प्रबंधाची तोंडी परीक्षा होती. आठ वर्षांची मेहनत. या गावात नोकरीला आल्या त्याच आठवड्यात त्यांच्या कानाने टिपलं होतं, की इथली माणसं गाताना गंधार केसभर खाली लावतात. बेसूर नव्हे. नेमका आणि सगळे तेवढाच खाली. सुतार रंधा मारताना, दवाखान्यातली नर्स जिना चढताना, आणि वर्गातली पोरं तर झाडून सगळी. बाईंनी दोनशे माणसांचं गाणं टिपलं, मोजलं आणि लिहिलं, की हा या गावाचा स्वतःचा सूर आहे, पिढ्यान्‌पिढ्यांचा.

मग चार दिवसांपूर्वी परीक्षकांचं पत्र आलं. पत्र मोठं सभ्य, पण शेवटी एक प्रश्न होता. ही सगळी मंडळी लहानपणी कोणत्या वाद्यावर शिकली?

गावात शाळा एक. तिथे बाईंच्या आधी चौतीस वर्षं संगीत शिकवणारे सर एक. आणि सरांची पेटीही एकच. बाई स्वतः तंबोऱ्यावर शिकवत. पेटीचा भाता फाटलेला, म्हणून त्या आल्यापासून ती कपाटातच पडून होती. इतकी साधी गोष्ट आठ वर्षांत आपल्याला सुचू नये, याची त्यांना भयंकर लाज वाटत होती.

"हा बघा तुमचा चोर." पेटीवाल्याने चिमट्यात एक पितळी पट्टी धरली होती. "गंधाराची रीड. बाकीचे सगळे सूर ठणठणीत, हा एकटाच उतरलाय."

त्याने ती ओठांशी धरून फुंकली. बाईंनी आठ वर्षं मोजलेलाच सूर तो. आता मोजायची गरज नव्हती.

"कधीपासून असेल असा?"

"चाळीसेक वर्षं तरी झाली असतील. हे ओरखडे बघा, किती काळे पडलेत. कोणीतरी हौशी माणसाने हात मारलाय. आमच्या कानशीचे ओरखडे असे नसतात, हे काहीतरी घरगुती हत्यार." त्याने चष्मा वर सरकवला. "चढवू का जाग्यावर? की राहू दे?"

"चढवा. पोरांच्या कानावर पुन्हा चुकीचं पडायला नको."

पाच मिनिटांत काम झालं.

एक काटा मात्र सलत होता. नदीकाठच्या आजी. ऐंशी पार केलेल्या, शाळेची पायरीही न चढलेल्या, तरी त्यांचा गंधार तसाच. 'मला कोण शिकवणार? आईच्या मांडीवर ऐकलं तेवढंच,' असं त्या म्हणाल्या होत्या. बाईंनी आता स्वतःलाच दटावलं. नातवंडांचं ऐकून ऐकून म्हातारीचाही सूर सरकला असणार. आपल्याला हवं तेच ऐकायचं, हा रोग आता पुरे.

सरांना विचारावं, असं चार दिवसांत दहादा मनात आलं होतं. पण सत्तरीला टेकलेल्या माणसाला तोंडावर काय म्हणायचं? तुमच्या पेटीने अख्खं गाव बिघडवलं? बाईंची जीभ रेटली नसती.

त्यांनी विद्यापीठात फोन लावला.

"विचार केलाय ना, बाई?" तिथला कारकून म्हणाला. "एकदा मागे घेतला की त्या विषयावर पुन्हा प्रबंध देता येत नाही."

"केलाय."

"मग सही करून पत्र पाठवा."

बाईंनी पत्र पाठवलं. चार दिवसांचा घोर तिथे संपायला हवा होता, पण पायांची भिंगरी काही थांबेना. अखेर त्या सरांच्या घराकडे निघाल्या. बाहेरून कानावर जाण्यापेक्षा आपल्या तोंडून गेलेलं बरं.

सर ओट्यावर बसून वाटाणे सोलत होते. काकू शेजारीच, परात मांडीवर घेऊन.

"या, डॉक्टरीणबाई," सर म्हणाले. "परवा ना? मी हिला केव्हाचं सांगतोय, आपल्यालाही यायचंय ऐकायला."

"मी प्रबंध मागे घेतला, सर."

सरांचा हात शेंगेवरच थांबला. "म्हणजे? का?"

"हातून चूक झाली होती. माझीच." बाईंनी विषय बदलायला घाई केली. "तुमची पेटी मात्र दुरुस्त करून घेतली. नवा भाता घातला."

"बरं केलंत. बाकी कुठे हात नाही ना लावू दिलात?"

"एक सूर उतरला होता तेवढा."

"गंधार?"

बाईंनी मान हलवली. त्यांना सरांकडे बघवेना.

सरांनी काकूंकडे पाहिलं. काकूंनी परात खाली ठेवली.

"तो उतरला नव्हता हो," सर हळूच म्हणाले. "मी इथे आलो तेव्हा पेटी नवी कोरी होती आणि गंधार आला की एकही पोरगं तिला जुळत नसे. वर्षभर ओरडलो, छड्या मारल्या. मग पालकांच्या सभेत सगळी आईबापं गायला उभी राहिली, तर तीही तशीच. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. सकाळी हिची नखं घासायची कानस घेतली, आणि पोरं पेटीला जुळत नाहीत म्हटल्यावर पेटीच पोरांना जुळवली."