सव्वीस अक्षरं

"झेडचा एखादा शब्द सांगा बाई," हेडक्लार्क भैय्याजी म्हणाले. समोर जाडजूड डिक्शनरी उघडी होती, पण झेडपर्यंत पोचेस्तोवर त्यांचा धीर सुटला असावा.

"झिगझॅग," प्रेमिला म्हणाली.

"नको. दुसरा."

"झिरो."

"हां, झिरो चालते." भैय्याजींनी तो आपल्या वळणदार अक्षरात यादीत उतरवला.

काम तसं सोपं होतं. साहेब आपली पोरं शाळेत पोचवायला ऑफिसची जीप रोज धरमपेठेत पिटाळतात, असा एक निनावी अर्ज कुणीतरी टाइप करून मुंबईच्या हेड ऑफिसला धाडला होता. मुंबईने कळवलं, की अर्जात एक अक्षर मोडकं उमटलेलं आहे. तरी ऑफिसातल्या तिन्ही टाइपरायटरांचे नमुने पाठवा, आणि नमुन्यात सव्वीसही अक्षरं येऊ द्या. कोणतं अक्षर मोडकं, ते मात्र मुंबईने पोटातच ठेवलं. शब्दांची यादी करायचं काम साहेबांनी भैय्याजींवर टाकलं, कारण भैय्याजींइतका विश्वासू माणूस त्यांना ऑफिसात दुसरा दिसत नव्हता. आणि भैय्याजींनी मदतीला बोलावलं प्रेमिलाला.

"आता जेचा."

"जज."

पेन कागदावर टेकता टेकता थांबलं. "जज नको. उगाच कोर्टकचेरी वाटते. जॉब लिहितो."

प्रेमिलाच्या मनात पाल चुकचुकली. ती टायपिस्ट. शब्द ऐकला की त्यातली अक्षरं तिच्या बोटांत आधी उतरायची. झिगझॅगमध्ये जी हे अक्षर दोनदा येतं, जजमध्ये एकदा. तिच्या मशीनच्या जीची शेपटी दिवाळीपासून तुटली होती. नुसतं वरचं पोट उमटायचं. तात्पुरत्या टायपिस्टने तक्रार करायची म्हणजे पुढच्या महिन्यात कायम व्हायचा कागद आपल्याच हाताने लांबवायचा. म्हणून ती मुकाट्याने एकेका जीला पेनाने शेपटी काढी आणि मगच कागद पुढे पाठवी. तीन महिन्यांत कुणाच्या डोळ्यांवर आलं नव्हतं. ती मोडतोड कळायची तर त्याच मशीनवर बसून टाइप करणाऱ्याला.

"डब्ल्यू राहिला," ती म्हणाली. "वेट घ्या. वजनाचा."

वेटमधला जी मुका. बोलताना तो कुणाला ऐकूही येत नाही. भैय्याजींनी तीन अक्षरं लिहिली, चौथ्यापाशी पेन अडलं, आणि तिन्हींवर त्यांनी काट मारली.

"वॉटर बरा," ते म्हणाले.

प्रेमिलाने यादी आपल्याकडे ओढून वाचली. क्यू होता, एक्स होता, व्ही दोनदा होता. सरकारी इंग्रजीत आयएनजीशिवाय पान हलत नाही, आणि इथे वीस शब्दांत एकही नव्हता. रविवारी ऑफिसची किल्ली कुणाकडे असते, ते तिला आता आठवलं.

"भैय्याजी, एक अक्षर राहिलं."

"सगळे आहेत. मी मोजले."

"पंचवीस आहेत."

भैय्याजींनी दाराकडे पाहिलं. पलीकडच्या खोलीत दुसऱ्या टायपिस्ट कुसुमताईंचं मशीन खडखडत होतं.

"तो अर्ज मी नाही लिहिला," प्रेमिला म्हणाली.

"मले माहीत आहे."

"तुम्हाले कसं माहीत?"

त्यांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने पुसत बसले. प्रेमिलाला संताप आला. जीप यांच्या डोळ्यांत खुपणार, अर्ज हे करणार, आणि सुळावर जाणार आपण. घरात पगार आणणारी ती पहिली होती. बाप अजून मागावर बसत होता.

"मशीन माझी आहे, भैय्याजी. नोकरी माझी जाते."

"म्हणून तर शब्द शोधून राहिलो ना बाई," भैय्याजी हळू आवाजात म्हणाले. "दोन दिवसांपासून डिक्शनरी चाळून राहिलो. तुमच्यावर काही येऊ देत नाही."

खरं मानावं की नाही, ते तिला ठरवता येईना. आज वाचवणारा माणूस उद्या साहेबांपुढे उभा राहिला की काय बोलेल, याचा नेम काय? तिने मशीनमध्ये कागद चढवला. बोटांनी सवयीने उजव्या कोपऱ्यात गावाचं नाव सुरू केलं. एन उमटला, ए उमटला, आणि बोट तिथेच थबकलं.

नागपूरचं स्पेलिंग भैय्याजींच्याही ध्यानात आलं. "गावाचं नाव राहू द्या," ते घाईने म्हणाले.

"बिनागावाचा कागद मुंबईले चालत नाही."

तिने तो कागद काढून चोळामोळा केला आणि दुसरा चढवला. कोपरा कोरा ठेवून वीसही शब्द टाइप केले, एकही चूक न करता. मग कागद भैय्याजींपुढे सरकवला.

"गाव तुम्ही लिहा. तुमच्या हातानं. अन् खाली लिहा, यादी मी केली. अन् सही करा."

"सही काहून?"

"जी कुठं गेला असं मुंबईनं विचारलं, तर तुम्हाले विचारलं पाहिजे. मले नाही."

साहेबांची घंटी वाजली, पुन्हा वाजली, तरी भैय्याजी उठले नाहीत. शेवटी त्यांनी खिशातून शाईचं पेन काढलं, झाकण मागे लावलं आणि कोपऱ्यात गावाचं नाव लिहायला घेतलं. तिसऱ्या अक्षरापाशी हात अडला. मग त्यांनी त्याची शेपटी चांगली लांब ओढली, पार खालच्या ओळीतल्या झिरोपर्यंत.