कडेची खाच

राज्य दुभंगलं, समुद्र आंध्राकडे गेला, आणि हैदराबादेत मीठ कालवलेल्या पाण्यावर चालवलेलं आमचं समुद्री गोगलगायींचं पैदास केंद्र बंद झालं. शंखांची बटणं करणाऱ्या धंद्यानं अंदमानच्या प्रवाळांवरून या गोगलगायी संपवल्या होत्या. तिथे सोडायला आम्ही पिल्लं वाढवत होतो. केंद्राचे प्रमुख दिगंबरदादा, काचीगुड्यात आमच्याच गल्लीत वाढलेले. मी त्यांच्याकडे एकच मागितलं: अंडी देणाऱ्या माद्या तरी परत समुद्रात सोडा. "फिकर नको करूस भारती, मी स्वतः नेतो," म्हणाले. पोर्ट ब्लेअरहून आल्यावर सांगितलंही, "हळूहळू खाली गेल्या गं, बघत राहावंसं वाटलं." मी देवापुढे साखर ठेवली. आज निरोप समारंभात त्यांनी मला शाल पांघरली आणि हातात मखमली डबी दिली. आत घासून मोत्यासारखा चमकवलेला शंख होता. "चारमिनारजवळच्या कारागिराकडून खास तुझ्यासाठी करवून घेतला," दादा कौतुकानं म्हणाले. शंख फिरवताना कडेच्या खाचेला माझं बोट अडलं. सगळ्यात आधी अंडी दिलेली मादी ओळखू यावी म्हणून ती खाच मीच कानशीनं पाडली होती. मी मान वर केली. व्यासपीठावरच्या प्रत्येक पाहुण्यापुढे तशीच डबी होती. "बोल ना दोन शब्द," म्हणत दादांनी माइक माझ्याकडे सरकवला. मी शंख माइकसमोर ठेवला. "दादा," मी म्हटलं, "ही खाली कशी गेली, तेवढं सांगा ना सगळ्यांना."